भाडेपट्ट्याची मुंबई

मुंबई शहराच्या इतिहासाचा विचार करू लागले म्हणजे बंदर, गिरण्या, आगगाडी आणि पेढ्या यांचीच वर्णने प्रथम पुढे येतात आणि ते यथायोग्यही आहे. परंतु ज्या जमिनीवर हे सारे उभे राहिले ती जमीन कोणी कोणाकडून कोणत्या शर्तींवर घेतली, तिच्या उत्पन्नाच्या भरवशावर कोणी कोणाला कर्ज दिले आणि त्या कर्जातून कंपन्यांचे भांडवल कसे जमले किंवा कसे लयास गेले, हा प्रश्न आपल्या इतिहासकारांनी बहुधा कायदेपंडितांकडे आणि मुलकी दप्तराच्या कारकुनांकडे सोपवून दिलेला दिसतो. स्थावर मिळकतीपासून पुढे वर्षानुवर्षे येणाऱ्या भाड्याचे आजच रोख्यांत रूपांतर करून भांडवल उभारण्याचा जो व्यवहार हल्ली प्रतिभूतीकरण या भारदस्त नावाने ओळखला जातो, तो परदेशातून नुकताच आयात झालेला प्रकार आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. मुंबईच्या जमिनीचे जुने कागद चाळणाऱ्यास मात्र निराळे चित्र दिसते. जमीन विकणे, जमीन गहाण टाकणे आणि जमीन पट्ट्याने देणे किंवा घेणे या तिन्ही मार्गांची पारख या शहराने फार पूर्वी आणि फार महागात केलेली आहे.

खुद्द हे बेटच प्रथम पट्ट्याने गेले. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या औषधिविषयक ग्रंथामुळे कीर्ती पावलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने पोर्तुगालच्या राजाकडून मुंबईचे बेट कायम खंडाने घेतलेले होते आणि त्या ग्रंथातच तसा उल्लेख त्याने केलेला आहे. पुढे शंभर वर्षांनी हे बेट विवाहसंबंधाने इंग्लंडच्या राजाकडे आले तेव्हा ते सांभाळण्याचा खर्च त्याला डोईजड वाटू लागला आणि २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीस दरसाल दहा पौंड, सोन्याच्या रूपाने, भरण्याच्या कराराने देऊन टाकले. एका व्यापारी कंपनीने मोठी खरेदीची रक्कम न गुंतवता, नाममात्र वार्षिक देण्यावर, एवढे बंदर आपल्या ताब्यात घ्यावे आणि वाचलेले भांडवल वखारी, गलबते आणि माल यांत घालावे, ही घटना आजच्या कोणत्याही कंपनीच्या खजिनदारास अपरिचित वाटणार नाही.

कंपनीने मग तोच न्याय खालच्या पायरीवर लावला. गव्हर्नर जेरल्ड अँजियर याने १६७२ साली बेटावरील जमीनधारकांशी करार करून त्यांनी मिळून दरसाल २०,००० झेराफिन (पोर्तुगीज अमलातील नाणी) द्यावेत आणि आपापल्या जमिनी निर्वेधपणे भोगाव्यात असे ठरविले. समुद्राच्या भरतीने बुडणाऱ्या खाजणांत जी जमीन हळूहळू वर येई ती अल्प धाऱ्याने, फोरास म्हणून, लागवडीसाठी देण्यात येऊ लागली. त्या जमिनींवर पुढे घरे झाली, भाव चढले, सरकारने आपला हक्क सांगितला आणि शेवटी १८५१ च्या सहाव्या कायद्याने धारकांचा कब्जा मान्य करावा लागला. फोरास रोडचे नाव या लांबलेल्या तंट्याची आठवण म्हणून शहरात अजून उच्चारले जाते. या तंट्याचे मर्म असे की धारा कितीही हलका असला तरी उद्या कोणी उठवणार नाही अशी खात्री असल्यावाचून माणूस जमिनीवर पक्के बांधकाम करीत नाही आणि सावकारही त्या बांधकामावर पैसा देत नाही.

येथे घाटावरच्या वहिवाटीचीही आठवण होते. पेशव्यांच्या कारभारात परगण्याचा वसूल पाहणाऱ्या कमाविसदाराकडून अजमासे वसुलापैकी काही रक्कम आगाऊ घेण्याची रीत होती. तिला रसद म्हणत आणि वसूल हाती येईल तसतशी ती सव्याज वळती होई. पुढील वर्षाच्या उत्पन्नावर आज पैसा उभा करणे हा विचार मराठी मुलखाला नवा नव्हता हे यावरून उघड आहे. परंतु रसदेचा व्यवहार त्या कमाविसदाराच्या, त्याच्या पाठीशी असलेल्या सावकाराच्या आणि हुजूर दप्तराच्या दरम्यानच राही. तो हक्क शेकडो अनोळखी इसमांनी वाटून घ्यावा, विकावा, पुन्हा विकत घ्यावा अशी बाजारव्यवस्था त्यासाठी निर्माण झाली नाही. ती मुंबईत निर्माण झाली आणि होताक्षणीच उधळली.

त्या प्रकरणाकडे वळले पाहिजे, कारण या सबंध इतिहासाचा कणा तेथे आहे. १८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील संस्थानांची बंदरे नाकेबंदीने बंद झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा कापूस खानदेश, वऱ्हाड आणि गुजरात येथून मुंबईच्या धक्क्यावर, पूर्वी कोणी कल्पिलाही नसेल अशा भावाने येऊ लागला. चार-पाच वर्षांत नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे ८ कोटी पौंड अधिक या शहरात आले, असा अंदाज त्या काळच्या लेखकांनी नमूद केला आहे. एवढी संपत्ती ठेवावी कशात, हा प्रश्न पडताच सर्वांची दृष्टी जमिनीवर खिळली, कारण शहर अरुंद होते आणि लोकसंख्या वाढत होती. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाचे तट पाडण्याचे काम निघाले, तटाखालची जमीन बांधकामास मोकळी होऊ लागली आणि जेथे जमीन नव्हती तेथे समुद्र हटवून ती निर्माण करावयाची, असा ध्यास शहराने घेतला.

बॅकबे रेक्लमेशन कंपनीची योजना मुळात निराधार नव्हती, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. कुलाब्यापासून मलबार टेकडीकडे वळणाऱ्या उथळ उपसागराचा काठ भरून काढावा, बडोदे मार्गाच्या आगगाडीस लागणारी पट्टी सरकारास द्यावी आणि उरलेल्या जमिनीवर घरे उठवून आपला खर्च व नफा वसूल करावा, हा बेत व्यवहार्य होता. परंतु भरणीला वर्षे लागतात, भरलेली माती बसण्यास वर्षे लागतात आणि त्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीत भाडेकरू येऊन पहिल्या महिन्याचे भाडे हाती पडेपर्यंत आणखी वर्षे लागतात. बाजार इतके दिवस थांबण्यास तयार नव्हता. ज्यावर ५,००० रुपये भरणा झालेला होता असा या कंपनीचा एक शेअर ५०,००० च्या घरात जाऊन पोहोचला. राखून ठेवलेले ४०० शेअर जाहीर लिलावात काढले तेव्हा त्यांचे १ कोटी ६ लाख रुपये आले. त्या घटकेला कंपनीच्या मालकीची म्हणून जी जमीन दाखविली जात होती तिच्यावर भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी होते.

या वेडाचे प्रवर्तक म्हणून प्रेमचंद रायचंद यांचे नाव घेतले जाते. त्यांची बुद्धी असामान्य होती आणि दातृत्वही तसेच. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा ही त्यांच्या देणगीची फळे आहेत. म्हणून सारा दोष एका पुरुषावर लादण्यापेक्षा ज्या यंत्रणेने त्या बुद्धीला मोकळे रान दिले तिचे परीक्षण अधिक उपयुक्त ठरते. १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेवर आरंभी कडक निर्बंध होते. १८६३ च्या दहाव्या कायद्याने ते सैल झाले आणि कंपन्यांचे शेअर तारण धरून कर्ज देण्याचा दरवाजा उघडला. मग चक्र सुरू झाले: शेअर तारण ठेवून कर्ज काढायचे, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे, या मागणीने भाव चढला की तारणाची किंमत आपोआप वाढलेली दिसायची आणि त्या वाढीव किमतीवर पुन्हा कर्ज मिळायचे. कर्जाच्या तळाशी जमीन आहे असे प्रत्येक जण मानीत होता. परंतु त्या जमिनीने एक रुपयाचे भाडे अद्याप दिलेले नव्हते, तेव्हा तळाशी वस्तुतः पुढच्या गिऱ्हाइकाची आशा तेवढी होती. १८६५ च्या आरंभी शहरात ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशने आणि ८ जमीन-कंपन्या नांदत होत्या.

१८६५ च्या एप्रिलात दक्षिणेच्या सेनापतीने शस्त्रे ठेविली आणि ती बातमी मुंबईस पोहोचताच कापसाचा भाव कोसळला. १ जुलै हा वायद्याच्या सौद्यांचा मुदतीचा दिवस होता. त्या दिवशी देणे असणारे अनेक आणि देऊ शकणारे अत्यल्प, अशी अवस्था झाली. पेढ्यांमागून पेढ्यांनी दिवाळे काढले. तरुणपणी हा सर्व प्रलय डोळ्यांनी पाहिलेल्या दिनशा वाच्छा यांनी पुढे १९१० साली त्यावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. बँक ऑफ बॉम्बेचे बहुतेक सारे भांडवल नाहीसे झाले, ती मोडीत निघाली, १८६८ साली त्याच नावाची नवी बँक काढावी लागली आणि जुनीच्या अपयशाची चौकशी करण्यासाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. बॅकबे कंपनीही संपली; तिने समुद्रातून काढलेली चिंचोळी पट्टी चर्चगेटहून कुलाब्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या कामी आली.

याच काळात, याच शहरात, पूर्व किनाऱ्यावर दुसरी एक जमीन-कंपनी काम करीत होती आणि तिच्या कहाणीचा शेवट वेगळा झाला. १८५८ साली निघालेल्या एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने मोदी खाडीच्या बाजूस भरणी करून आगगाडीस जागा दिली, धक्के बांधले, कापसाच्या गाठी दाबण्याचे कारखाने आणि गोदामे उभी केली. तिच्या भागधारकांनाही बाजाराच्या लाटेचे धक्के बसले. परंतु तिच्यापाशी जहाजे लागत होती, माल उतरत होता आणि धक्क्याची पट्टी व गोदामाचे भाडे रोजच्या रोज जमा होत होते. बंदराचा काठ एका खासगी कंपनीच्या मुठीत राहणे व्यापाराला हितकारक नाही, असे मत बळावले तेव्हा सरकारने १८७० च्या सुमारास तिची सर्व मिळकत विकत घेतली आणि १८७३ च्या कायद्याने मुंबई पोर्ट ट्रस्ट या विश्वस्त मंडळाच्या स्वाधीन केली.

पोर्ट ट्रस्टचा कारभार हा या निबंधाच्या विषयाचा खरा उत्कर्षबिंदू आहे, असे मला वाटते, जरी त्यात नाट्य फारसे नाही. कर्नल बॅलर्ड हे या मंडळाचे पहिले अध्यक्ष. मंडळाने जमीन विकण्याचा मोह टाळून तिचे भूखंड मासिक भाड्याने आणि दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले आणि त्या भाड्याच्या व बंदराच्या उत्पन्नाच्या आधारावर कर्जरोखे काढून गोद्या बांधल्या. प्रिन्सेस डॉक १८८० साली, व्हिक्टोरिया डॉक १८८८ साली आणि अलेक्झांड्रा डॉक १९१४ साली खुला झाला. या तिसऱ्या गोदीच्या खोदकामातून निघालेल्या मातीने सुमारे २२ एकर जमीन तयार झाली आणि तिच्यावर वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आखणीनुसार बॅलर्ड इस्टेट ही कचेऱ्यांची वसाहत उठली. भूखंड घेणाऱ्याने इमारत किती उंच करावी, दर्शनी भाग कसा ठेवावा, हे पट्ट्याच्या शर्तींतच गोवलेले होते. त्या रस्त्यांवर आजही जी एकसारखी प्रसन्न शोभा दिसते ती या शर्तींची देणगी आहे.

या रीतीत दोन्ही पक्षांचे हित कसे साधले ते नीट पाहण्यासारखे आहे. आगबोटीच्या किंवा विम्याच्या धंद्यातील कंपनीला मोक्याच्या जागी कचेरी हवी असे, परंतु जमिनीची सबंध किंमत एकदम चुकती करावी तर धंद्याला लागणारे खेळते भांडवल आटून जाई. पट्टा घेतल्याने तिला दरसाल ठरावीक भाडे भरून जागा मिळे, बांधलेली इमारत अनेक वर्षे तिच्या उपभोगात राही आणि पट्टेदाराचा तो हक्कसुद्धा, धन्याच्या संमतीने, सावकाराकडे गहाण ठेवता येई. उलट ट्रस्टला निश्चित, वर्षांची मोजदाद करता येईल असे उत्पन्न मिळे आणि रोखेधारकाला ते उत्पन्न प्रत्यक्ष दिसत असे. एकाच भूखंडाने अशा रीतीने तिघांचे भांडवल पेलले, आणि त्या भाराखाली तो खचला नाही, याचे कारण भाडे देणारा इसम आरंभापासून तेथे बसलेला होता.

१८९६ साली ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ आली आणि चाळींच्या अंधाऱ्या खोल्यांत माणसे पटापट मेली, तेव्हा १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन हाच आर्थिक नमुना नगररचनेस लावण्यात आला. ट्रस्टने कर्जरोखे विकून दाट वस्त्या संपादन केल्या, सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या शेतांवर भूखंड पाडले आणि त्यांपैकी पुष्कळसे ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिले. मध्यमवर्गीय मराठी, गुजराती, दाक्षिणात्य आणि पारशी कुटुंबांना हवेशीर घरे मिळाली ती यामुळेच. परंतु पाडलेल्या चाळींतील गरीब भाडेकऱ्यांचे काय झाले, हे विचारल्यावाचून त्या ट्रस्टचे मूल्यमापन पुरे होत नाही: घरे पाडण्याचा वेग नवी घरे बांधण्याच्या वेगाहून अधिक होता आणि उठविलेले लोक शेजारच्या वस्त्यांत दाटीने शिरले. रोखेधारकाच्या हिशेबात या मनुष्यांना रकाना नव्हता. १९३३ साली हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

गहाणाच्या बाबतीतही मुंबईचे स्थान विशेष होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास यांसारख्या मोजक्या व्यापारी शहरांत, केवळ हक्काचे मूळ दस्तऐवज सावकाराच्या हवाली करून गहाण निर्माण करण्याची मुभा ठेवली. गहाणखत लिहून नोंदविण्याचा खटाटोप नको आणि गावभर बोभाटाही नको. व्यापाऱ्याला सायंकाळी पैशाची नड पडली तर पेटीतील दस्तऐवज बँकेच्या व्यवस्थापकासमोर ठेवावेत आणि सकाळी हुंडी पटवावी, इतकी सुलभता या वहिवाटीत होती आणि शहराच्या उद्योगधंद्यांच्या भरभराटीत तिचा वाटा मोठा आहे.

१९२० नंतर बॅकबेचा प्रयोग पुन्हा झाला, यावेळी गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारकडून. १,१४५ एकरांचा संकल्प होता, खर्च अंदाजाबाहेर गेला, खुर्शेद नरिमन यांनी त्यातील गैरकारभार चव्हाट्यावर मांडला आणि अखेर ४४० एकरांवर काम थांबले. तरीही त्या जमिनीचे भूखंड सरकारने पट्ट्याने दिल्यामुळे मरीन ड्राइव्हची घरे उठली. अपयश पदरी आले तेथेसुद्धा पट्ट्याने थोडेफार सावरून धरले.

गिरण्यांची गोष्ट निराळ्या वळणाची. त्यांचे भांडवल शेअर, मॅनेजिंग एजंटांची पत आणि लोकांच्या ठेवी यांतून आले. बँका कर्ज देत त्या गोदामातील कापूस आणि कापड यांवर. पायाखालची जमीन गिरणीच्या हिशेबवहीत जुन्या खरेदीच्या किमतीने स्वस्थ पडून होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर धंद्याचा कणा मोडला आणि ती जमीन गिरणीपेक्षा कितीतरी मौल्यवान असल्याचे सर्वांच्या ध्यानात आले. १९९१ च्या नियमाने महापालिका, म्हाडा आणि मालक यांत तिची तिहाई वाटणी ठरली; २००१ साली तो नियम केवळ मोकळ्या जागेपुरता आकुंचित झाला आणि कामगारांच्या घरांसाठी मिळावयाची जमीन रोडावली. हा अन्याय होता, असे माझे स्पष्ट मत आहे. २००५ साली ज्युपिटर मिलची सुमारे ११ एकर जमीन लिलावात २७६ कोटी रुपयांना गेली. तेथे आणि जवळच्या एल्फिन्स्टन मिलच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उठले आणि २००८ साली त्या मनोऱ्यांच्या भाड्यावर आधारलेला विश्वस्तनिधी सिंगापूरच्या शेअरबाजारात नोंदला गेला, कारण आपल्याकडे तशी कायदेशीर तरतूद तोवर नव्हती. ती सेबीने २०१४ साली केली. असा पहिला भारतीय निधी २०१९ साली बाजारात आला, आणि पुढच्याच वर्षी ऐरोलीसारख्या ठिकाणच्या कचेऱ्यांचे भाडे सामान्य गुंतवणूकदाराला अंशरूपाने विकत घेता येऊ लागले. आपली इमारत विकून तिच्यातच भाड्याने राहणाऱ्या आणि सुटलेला पैसा धंद्यात घालणाऱ्या कंपन्याही आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत.

पट्ट्याला स्वतःचे दोष आहेत हेही नमूद केले पाहिजे. मुदत संपत येते तसा पट्टेदार दुरुस्तीवर पैसा घालीनासा होतो, इमारत जीर्ण होते, बँक तारण नाकारते आणि नूतनीकरणाच्या दरावरून धनी व कुळ कोर्टात जातात. पोर्ट ट्रस्टच्या पूर्व किनाऱ्यावर हे अनेक वर्षे चालले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला असे सांगावे लागले की सार्वजनिक संस्थेने धनी म्हणून वागताना केवळ नफ्याकडे न पाहता वाजवीपणाने वागले पाहिजे.

या साऱ्या कारभाराचे मूळ कागद, म्हणजे भूखंडवार पट्टे, भाड्याच्या नोंदवह्या आणि कर्जरोख्यांची खाती, पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टच्या आणि महापालिकेच्या दप्तरांत आहेत. शेअरांच्या वेडावर पुस्तके झाली. ज्या भाड्याने गोद्या बांधल्या आणि उपनगरे वसविली त्याचा हिशेब मराठीत सलगपणे मांडला गेलेला नाही. अर्थशास्त्र आणि इतिहास या दोन्ही विषयांच्या आपल्या तरुण अभ्यासकांनी ही दप्तरे हाती घ्यावीत आणि त्या त्या संस्थांनी ती त्यांच्यासाठी खुली करावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.